छायाचित्राचा पत्ता

घरातील जुन्या ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांच्या घडीखाली किंवा देवघराच्या वरच्या फळीवर एखाद्या पिवळ्या पाकिटात कुटुंबाची जुनी छायाचित्रे पडून असतात. गेल्या काही वर्षांत अनेक घरांतून ही पाकिटे बाहेर आली. छायाचित्रे स्कॅन झाली आणि संगणकावरील वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याच्या त्याच्या नावापुढे त्यांना जागा मिळाली. नोकरी-व्यवसायासाठी पुणे, बंगळूर, थेट अमेरिकेपर्यंत पांगलेल्या कुटुंबांना एकत्र बांधण्याचे हे साधन आहे, आणि ते समाजातील ज्येष्ठ मंडळींनी हाती घेतले याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र या साधनाचा एक स्वभाव फार थोड्यांच्या लक्षात येतो, आणि तो लक्षात न आल्यामुळे वर्षानुवर्षांचे काम एका दुपारीत विस्कटू शकते.

सांगली परिसरातील एका कुटुंबात असेच घडले. घरातील ज्येष्ठ तात्या हे निवृत्त शिक्षक. सात-आठ वर्षे खपून त्यांनी वंशावळ सिद्ध केली. सुमारे सहाशे नावे आणि अडीचशेच्या आसपास छायाचित्रे तीत होती. पुरुषांची नावे मिळवणे तुलनेने सोपे गेले. सातबारा उतारे, दुकानाच्या जुन्या वह्या, बस्तीतील देणगीदारांचे फलक यांतून चार-पाच पिढ्या हाती लागल्या. स्त्रियांचे तसे नव्हते. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, आणि कागदावर पुष्कळदा दोन्ही नाहीत. केवळ अमक्याची पत्नी, तमक्याची आई. त्या स्त्रिया शिल्लक होत्या त्या फक्त छायाचित्रांत, आणि त्यांना ओळखणारी एकच व्यक्ती उरली होती. ती म्हणजे तात्यांची थोरली बहीण आक्का.

उन्हाळ्याच्या दुपारी भाऊ-बहीण संगणकासमोर बसत. गावातील पंचकल्याणक पूजेच्या वेळी काढलेले एक समूहचित्र पडद्यावर असे.

“आक्का, ही डावीकडची कोण?”

“अरे, ती धाकट्या काकांची पहिली बायको. बाळंतपणात गेली बिचारी. तिचं नाव आता कुणाच्या तोंडी राहिलं नाही.”

आक्का नाव सांगत, माहेरचे गाव सांगत, क्वचित एखादी आठवण सांगत. आणि तात्या ते सारे सॉफ्टवेअरमध्ये त्या छायाचित्राखाली लिहून ठेवत.

पुढे संगणक जुना झाला. पुण्याहून नातू नवा घेऊन आला. तो हुशार आणि नीटनेटका. त्याने छायाचित्रांचे वर्षवार फोल्डर केले, फाईलींना वाचता येतील अशी नावे दिली, वंशावळ नव्या संगणकावर उघडून दाखवली. सहाशे नावे जिथल्या तिथे होती. चेहरे मात्र एकही नव्हते. प्रत्येक नावापुढे रिकामी चौकट.

“आजोबा, फोटो सगळे आहेत. फक्त पुन्हा जोडायचे आहेत,” असे म्हणून त्याने रिकाम्या चौकटी पुसून टाकल्या आणि एकेक छायाचित्र नव्याने जोडायला घेतले. संध्याकाळपर्यंत चाळीस चेहरे परत आले. तेव्हा तात्यांच्या ध्यानात आले की चेहऱ्यांखालच्या ओळी नाहीत. आक्कांनी सांगितलेली नावे, गावे, आठवणी, सारे त्या पुसलेल्या नोंदींबरोबर गेले होते. जुना संगणक मोडीत निघाला होता. आणि आक्कांना त्याआधीच्या दिवाळीपासून घरातली माणसेही ओळखू येईनाशी झाली होती.

खतावणी आणि पावती

येथे नेमके काय घडले, हे ज्यांनी दुकानाचे हिशेब पाहिले आहेत त्यांना चटकन समजेल. खतावणीत पावती चिकटवलेली नसते. तेथे रक्कम असते, तारीख असते आणि पावतीचा क्रमांक असतो. पावती दुसऱ्या कपाटातील फाईलीत असते. कोणी कपाट आवरताना फाईलींचे क्रमांक बदलले, तर पावती हरवलेली नसते, पण खतावणीवरून ती सापडत नाही.

वंशावळीची बहुतेक सॉफ्टवेअरे अशीच चालतात. छायाचित्र वंशावळीच्या फाईलीत नसते. तेथे असतो छायाचित्राचा पत्ता. हा पत्ता म्हणजे अमुक ड्राइव्ह, त्यातील अमुक फोल्डर, त्यातील अमुक नावाची फाईल. चौकट उघडली की सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जाते आणि तेथे जे सापडेल ते पडद्यावर दाखवते. पत्त्यातील एक अक्षर जरी बदलले तरी त्याला काही सापडत नाही. पण त्या चौकटीमागची नोंद शाबूत असते. मथळा, तारीख, टिपणे, छायाचित्रात कोण कोण आहे याचे संदर्भ, हे सारे पत्त्याशेजारी वंशावळीच्या फाईलीतच असते. रिकामी चौकट म्हणजे रिकामी नोंद नव्हे. नातवाने पुसले ते नेमके हेच.

पत्ता बदलण्याची कारणे नेहमीची आहेत. नव्या संगणकावर वापरकर्त्याचे नाव वेगळे असते, त्यामुळे फोल्डरचा मार्ग वेगळा होतो. बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कला आज ‘ई’ हे अक्षर मिळते, उद्या ‘एफ’. चित्रांचा नेहमीचा फोल्डर ऑनलाइन साठवणीशी जोडला की त्याची जागा सरकते. कोणी छायाचित्र उजळ करून दुसऱ्या प्रकारच्या फाईलीत जतन करते आणि नावाचे शेपूट बदलते. एकसारख्या दोन प्रती दिसल्या म्हणून कोणी एक काढून टाकते, आणि वंशावळ नेमकी त्याच प्रतीकडे बोट दाखवत असते. विंडोजला रोमन लिपीतील लहान आणि मोठी अक्षरे फाईलीच्या नावात सारखीच वाटतात. लिनक्सला ती वेगळी वाटतात. एका यंत्रणेवरून दुसरीवर जाताना तेवढ्यानेही दुवा तुटतो.

दुवे तुटले तर

पहिला नियम असा की काहीही पुसू नये. वंशावळीच्या फाईलीची आहे त्या स्थितीत एक प्रत काढून बाजूला ठेवावी, आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. चुकीची नोंद आधी खोडायची नाही, तिचे कारण शोधायचे, ही हिशेबनिसाची जुनी शिस्त येथेही लागू पडते.

दुसरा नियम, पत्ता बदलण्याआधी छायाचित्रे जुन्या पत्त्यावर परत नेता येतात का ते पाहावे. एखाद्या तुटलेल्या नोंदीवर जुना मार्ग लिहिलेला दिसतो. त्याच नावाचा फोल्डर त्याच ठिकाणी तयार करून छायाचित्रे तेथे ठेवली, तर बहुतेक वेळा एकही नोंद न बदलता सारे चेहरे परत येतात. हार्ड डिस्कचे अक्षर बदलले असेल, तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून तिला जुने अक्षर पुन्हा देता येते.

ते शक्य नसेल तर सॉफ्टवेअरमधील दुरुस्तीची सोय वापरावी. ‘रूट्समॅजिक’मध्ये तुटलेले दुवे शोधून जुळवणारे साधन आहे. ‘ग्रॅम्प्स’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये ‘मीडिया मॅनेजर’ नावाचे साधन आहे. त्यात पत्त्यातील जुना भाग देऊन त्याच्या जागी नवा भाग सर्व नोंदींत एकदम बसवता येतो. अडीचशे पत्ते हाताने बदलण्याची गरज उरत नाही. मात्र फाईलींची नावेच बदलली असतील तर हे साधनही थकते. फोल्डर हलवणे हा बरा होणारा आजार आहे. नावे बदलणे हा चिवट आजार आहे.

दुवे तुटू नयेत म्हणून

सर्व छायाचित्रे एकाच मुख्य फोल्डरमध्ये ठेवावीत आणि वंशावळीची फाईलही त्याच्या शेजारी असावी. छायाचित्र आधी या फोल्डरमध्ये आणावे आणि नंतरच वंशावळीत जोडावे. पेन ड्राइव्हवरून किंवा डाउनलोडच्या फोल्डरमधून थेट जोडलेले छायाचित्र महिन्या-दोन महिन्यांत हमखास हरवते. काही सॉफ्टवेअरे छायाचित्र जोडताना त्याची प्रत आपल्या फोल्डरमध्ये घ्यायची की केवळ दुवा ठेवायचा, असे विचारतात. तेथे घाईने बटण न दाबता प्रत घेण्याचा पर्याय निवडावा.

पत्ता दोन प्रकारांनी लिहिता येतो. पूर्ण पत्ता ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होतो. सापेक्ष पत्ता मुख्य फोल्डरपासून सुरू होतो. ‘बस्तीच्या मागे तिसरे घर’ असे सांगावे तसा. बस्ती ठाऊक असली की घर सापडते. ग्रॅम्प्समध्ये हा मुख्य फोल्डर एकदा पसंतींमध्ये नोंदवता येतो आणि सर्व पूर्ण पत्ते सापेक्ष करून घेता येतात. त्यानंतर संगणक बदलला तर फक्त ही एक नोंद बदलावी लागते, बाकीचे दुवे तसेच राहतात.

फाईलीचे नाव एकदाच आणि विचार करून ठेवावे. वर्ष, गाव, प्रसंग आणि क्रमांक एवढे पुरे. नावे रोमन अक्षरांत व अंकांत, मध्ये रिकामी जागा न सोडता लिहिलेली बरी. देवनागरी नावे जुन्या सॉफ्टवेअरमधून जाताना कधी कधी विस्कटतात. वर्ष माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नये, केवळ क्रमांक द्यावा. माहिती नंतर मिळाली तर ती नोंदीत भरावी. फाईलीचे नाव मात्र बदलू नये. बँकेतील खाते क्रमांक खातेदाराचे लग्न झाले म्हणून बदलत नाही, तसेच हे.

वंशावळ नातेवाइकांना पाठवताना विशेष सावध राहावे. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये माहितीची देवाणघेवाण व्हावी म्हणून अमेरिकेतील चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या संस्थेने १९८४ मध्ये ‘जेडकॉम’ हा नमुना तयार केला, आणि आजही बहुतेक सॉफ्टवेअरे तो ओळखतात. पण नेहमीची जेडकॉम फाईल म्हणजे साधा मजकूर. १९९९ च्या ५.५.१ या बहुप्रचलित आवृत्तीत छायाचित्राच्या जागी केवळ पत्ता जातो, आणि तो पाठवणाऱ्याच्या संगणकावरील पत्ता असतो. न्यू जर्सीतल्या पुतण्याला तो उपयोगाचा नाही. म्हणून छायाचित्रांचा फोल्डर सोबत पाठवावा, किंवा छायाचित्रांसह गाठोडे बांधणारा पर्याय निवडावा. ग्रॅम्प्समध्ये असे गाठोडे ‘जीपीकेजी’ या नावाने तयार होते. २०२१ मध्ये आलेल्या जेडकॉमच्या सातव्या आवृत्तीत ‘जेडझिप’ या नावाने हीच सोय आहे, पण समोरच्याचे सॉफ्टवेअर ती ओळखते का, हे आधी विचारून घ्यावे.

बॅकअप घेतानाही हाच प्रश्न विचारावा, की यात छायाचित्रे आहेत की केवळ पत्ते? वंशावळीची फाईल आणि छायाचित्रांचा फोल्डर मिळून तीन प्रती असाव्यात. एक संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे. आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रोकड. ती वहीत असते, तिजोरीत असेलच असे नाही.

पोथीची पुष्पिका

एवढे सगळे करूनही एक धोका शिल्लक राहतो. सॉफ्टवेअर आज आहे, पंचवीस वर्षांनी असेल की नाही हे सांगता येत नाही. म्हणून छायाचित्रातील व्यक्तींची ओळख केवळ सॉफ्टवेअरच्या नोंदीत ठेवू नये. ती छायाचित्राच्या अंगावरच असावी.

ही दृष्टी आपल्या परंपरेला नवी नाही. आपल्या शास्त्रभांडारांतील हस्तलिखित पोथ्या पाहिल्या तर अनेकींच्या शेवटी पुष्पिका किंवा प्रशस्ती आढळते. पोथी कोणी लिहिली, कोणाच्या पठणासाठी लिहविली, कोणत्या गावी, कोणत्या संवतात, हे लेखनिक तेथेच नोंदवी. भांडाराची सूची हरवली, पोथी एका गावातून दुसऱ्या गावी गेली, तरी तिची ओळख तिच्याबरोबर गेली. शेकडो वर्षांनंतर अभ्यासकांना या पुष्पिकांमधून आचार्य, श्रावक, श्राविका, गावे आणि कुळे यांची माहिती मिळते. पोथी लिहविणाऱ्या कित्येक श्राविकांची नावे अशा ओळींमुळेच आज वाचता येतात.

छायाचित्राच्या फाईलीतही अशी पुष्पिका लिहिण्याची सोय असते. विंडोजमध्ये फाईलीच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या पानावर शीर्षक आणि टिप्पणी लिहिता येते. ‘डिजीकॅम’सारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून अनेक छायाचित्रांना मथळे देता येतात. हा मजकूर चित्राच्या फाईलीतच राहत असल्याने फाईल कोठेही नेली तरी तो सोबत जातो. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र पाठवले तर ते लहान होते, त्याचे नाव बदलते आणि आतील माहितीही गळून पडते. तेथे ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

मूळ कागदी छायाचित्राकडेही दुर्लक्ष नको. मागच्या बाजूस कडेला मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही पसरते. कागद गुळगुळीत असेल तर पाकिटावर लिहावे. मागे आधीच काही लिहिलेले असेल, छायाचित्रकाराचा शिक्का असेल, तर ती बाजूही स्कॅन करावी. आणि सर्व छायाचित्रांची क्रमांकवार यादी एका वहीत असावी. वहीला पासवर्ड लागत नाही.

तात्यांच्या घरी अशी वही होती, पण अर्धवट. शेवटी आधार मिळाला तो त्यांच्या धाकट्या भावाकडे वर्षभरापूर्वी ठेवलेल्या डिस्कचा. तीत वंशावळीची जुनी प्रत होती, पुसण्यापूर्वीची. नातवाने ती उघडली, प्रत्येक तुटलेल्या नोंदीवरचे जुने फाईलनाव वाचले आणि आपण बदललेली नावे एकेक करून पूर्ववत केली. त्याला दोन आठवडे लागले. तो रोज रात्री पुण्याहून फोन करी आणि तात्या वही घेऊन बसत. बहुतेक चेहरे आणि त्यांच्याखालच्या ओळी परत आल्या. त्या वर्षभरात नव्याने भरलेल्या अकरा छायाचित्रांच्या ओळी मात्र त्या प्रतीत नव्हत्याच. त्यांतील काहींची ओळख इतर नातेवाइकांनी पटवली. तीन स्त्रियांची नावे मिळाली नाहीत. त्यांची छायाचित्रे वंशावळीत आहेत, पण कोणत्याही फांदीला जोडलेली नाहीत. तात्यांनी ती आक्कांना पुन्हा दाखवली. आक्कांनी चित्रावरून हात फिरवला, हसल्या, आणि काही बोलल्या नाहीत.

पंचमीचा नेम

दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आणि श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी साजरी होते. या दिवसांत शास्त्रभांडारांतील ग्रंथ बाहेर काढून त्यांवरील धूळ झटकण्याची, वेष्टने बदलण्याची आणि पूजन करण्याची प्रथा आहे. आचार्य धरसेनांनी गिरनारच्या चंद्रगुहेत पुष्पदंत आणि भूतबली यांना आगमज्ञान दिले, आणि त्या दोघांनी ते षट्खंडागमाच्या रूपाने ग्रंथबद्ध केले, ही श्रुतपंचमीमागची कथा सर्वांना परिचित आहे. आपल्यानंतर हे ज्ञान कोणाच्या स्मरणात उरणार नाही, ही आचार्यांची चिंता होती. त्या श्रुतज्ञानाची आणि घरगुती छायाचित्रांची तुलना करण्याचा हेतू नाही. स्मरणावर विसंबून न राहता वेळेत लिहून ठेवावे आणि लिहिलेले दरवर्षी तपासावे, एवढी शिस्त मात्र घरापुरती उचलता येईल.

आपापल्या पंचमीला, पूजन झाल्यावर, घरातील वंशावळ उघडावी. तुटलेले दुवे आहेत का पाहावे, नवी प्रत काढावी, ती दुसऱ्या संगणकावर उघडावी. त्यासाठी एक तास पुरतो. ज्या घरात अजून आक्कांसारखे कोणी आहे, तेथे मात्र पंचमीची वाट पाहू नये. पाकिटातील एक समूहचित्र आजच त्यांच्या हाती द्यावे, डावीकडून सुरुवात करावी, आणि सांगितलेले प्रत्येक नाव त्यांच्या समोरच लिहून घ्यावे.